शत्रूचा रणगाडा पाडाव केला, पण तो चालवायचा कसा? युद्धातल्या 'फुकटच्या' रणगाड्यांचं गणित

२०२२ च्या फेब्रुवारीत रशियानं युक्रेनवर हल्ला केला आणि काही दिवसांतच एक व्हिडिओ जगभर फिरला. शेतातला साधा ट्रॅक्टर, त्याच्या मागे बांधलेली रशियन सैन्याची चिलखती गाडी आणि त्या गाडीमागे धावणारा एक माणूस. ट्रॅक्टरवाला मात्र निवांत, जणू उसाची ट्रॉली घेऊन कारखान्यावर निघालाय. या व्हिडिओवर मीम्सचा पाऊस पडला.

पुढची बातमी त्याहून भारी होती. मार्च २०२२ मध्ये युक्रेनच्या भ्रष्टाचार प्रतिबंधक राष्ट्रीय संस्थेनं जाहीर केलं की, पकडलेला रशियन रणगाडा उत्पन्न म्हणून जाहीर करायची गरज नाही. म्हणजे रणगाडा घरी आणला तरी मालमत्तेच्या कागदात दाखवायची काळजी नको.

लोक हसले, शेअर केलं, विषय संपला. पण यातून एक खरा प्रश्न उरतोच. शत्रूचा रणगाडा हातात आला म्हणून तो लगेच लढाईत वापरता येतो का? त्याचे गोळे कुठून आणायचे? बिघडला तर दुरुस्त कोण करणार? आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, आपलेच सैनिक शत्रू समजून आतल्या माणसांना उडवणार नाहीत कशावरून?

मराठीत शत्रूचा माल जिंकून घेण्याला 'पाडाव करणे' असा जुना शब्द आहे. तोफा पाडाव केल्या, हत्ती पाडाव केले, असं इतिहासात आपण वाचतो. हत्तीला चारा कुठलाही चालतो. रणगाड्याचं तसं नसतं.

आधी हे बघू, रणगाडा शत्रूच्या हाती लागतोच कसा?

सिनेमात हिरो उडी मारून रणगाड्यावर चढतो, झाकण उघडतो आणि रणगाडा ताब्यात घेतो. प्रत्यक्षात हाती लागणाऱ्या रणगाड्यांपैकी बरेचसे सोडून दिलेले असतात. कुणाचं डिझेल संपतं, कुणाचा पट्टा तुटतो, कुणी चिखलात रुततो. मागून शत्रू येत असतो आणि आतल्या माणसांकडे जीव वाचवायला काही मिनिटं असतात. मग ते रणगाडा तिथेच टाकून पळतात.

अशा वेळी आपला रणगाडा निकामी करूनच सोडावा, अशी शिकवण बहुतेक सैन्यांमध्ये असते. तोफेच्या नळीत स्फोटकं टाकायची, इंजिन जाळायचं. पण घाईत ते दरवेळी जमत नाही.

इथे एक साधा नियम काम करतो. लढाई संपल्यावर मैदान ज्याच्या ताब्यात, मैदानावरचं भंगारही त्याचं. पुढे सरकणारं सैन्य आपले बंद पडलेले रणगाडे मागे ओढून दुरुस्त करू शकतं. माघार घेणाऱ्याचा किरकोळ बिघाड झालेला रणगाडाही कायमचा जातो.

सप्टेंबर २०२२ मध्ये खारकीव्ह भागात नेमकं हेच घडलं. युक्रेननं अचानक चढाई केली, रशियन फौजा घाईघाईनं मागे हटल्या आणि इझ्यूम परिसरात रणगाडे जागच्या जागी राहिले. फोटो आणि व्हिडिओ तपासून नोंद ठेवणाऱ्या 'ओरिक्स' या गटाच्या यादीत पहिल्या वर्षभरातच युक्रेनच्या हाती लागलेल्या रशियन रणगाड्यांचा आकडा ५०० च्या पुढे गेला होता.

सुरुवात झाली पहिल्या महायुद्धात

रणगाडा जितका जुना, जवळपास तितकीच ही पद्धत जुनी आहे. २० नोव्हेंबर १९१७ ला फ्रान्समधल्या कॉंब्रे इथे ब्रिटिशांनी मोठा हल्ला केला. साडेतीनशेहून जास्त लढाऊ रणगाडे एकाच वेळी मैदानात उतरले. सुरुवातीला यश मिळालं, पण ३० नोव्हेंबरला जर्मनांनी प्रतिहल्ला केला आणि गेलेला बराचसा भाग परत घेतला. त्या भागात ब्रिटिशांचे बंद पडलेले 'मार्क ४' रणगाडे उभे होते. ते आयतेच जर्मनांना मिळाले.

जर्मनीला त्यांची गरजही होती. जर्मनीनं स्वतःचा 'ए७व्ही' नावाचा रणगाडा बनवला होता, पण त्याची संख्या होती फक्त २०. त्यामुळे बेल्जियममधल्या शार्लरुआ इथे दुरुस्तीची कार्यशाळा उभी राहिली. ब्रिटिश रणगाडे तिथे नेले जायचे, दुरुस्त व्हायचे आणि त्यांच्या अंगावर मोठमोठे जर्मन क्रॉस रंगवले जायचे. ब्रिटिश तोफेचे गोळे जर्मनांकडे पुरेसे नव्हते, म्हणून अनेक रणगाड्यांवर बेल्जियमकडून हाती लागलेल्या ५७ मिलिमीटरच्या तोफा बसवल्या गेल्या. रणगाडा ब्रिटिश, तोफ बेल्जियमची आणि आत बसलेली माणसं जर्मन!

या रणगाड्यांना जर्मन भाषेत 'बॉयटेपान्झर' म्हणायचे, म्हणजे लुटीचे रणगाडे. युद्धाच्या शेवटच्या वर्षात जर्मनीकडे स्वतःच्या रणगाड्यांपेक्षा हे लुटीचे रणगाडेच जास्त होते.

८ ऑक्टोबर १९१८ ला कॉंब्रेजवळच्या नियेर्न्यी गावापाशी जर्मनांनी हेच रणगाडे घेऊन हल्ला केला. समोरून येणारे 'मार्क ४' बघून ब्रिटिशांना ते आपलेच वाटले. गोळे सुटायला लागल्यावर खरा प्रकार कळला. मग एकाच बनावटीचे रणगाडे एकमेकांवर आग ओकू लागले. त्या गोंधळात ब्रिटिशांनी तिथेच हाती लागलेली जर्मन तोफ फिरवली आणि तिनं जर्मनांच्या ताब्यातला ब्रिटिश रणगाडा फोडला.

यातून एक गोष्ट पहिल्याच युद्धात समोर आली. मैदानात माणूस लांबून आकार बघतो. आकार शत्रूचा असेल, तर आतला माणूस कोण आहे हे बघायला कुणी थांबत नाही.

फिनलंड : शत्रूच्या रणगाड्यांवर उभी राहिलेली फौज

३० नोव्हेंबर १९३९ ला सोव्हिएत रशियानं फिनलंडवर हल्ला केला. फिनलंडकडे तेव्हा मोजकेच रणगाडे होते. त्यातले बरेचसे पहिल्या महायुद्धाच्या काळातले फ्रेंच 'रेनो'. काही नवे ब्रिटिश 'व्हिकर्स' होते, पण ते तोफांशिवाय विकत घेतलेले होते. समोर सोव्हिएतचे हजारो रणगाडे.

फिनलंडच्या सैनिकांनी जंगलातल्या अरुंद रस्त्यांचा फायदा घेतला. बर्फातल्या रस्त्यावर सोव्हिएत फौजेची लांबच लांब रांग अडकली की ती मध्येच तोडायची, तुकडे करायचे आणि एकेक तुकडा वेढायचा. सुओमुस्साल्मी आणि राते रस्त्यावरच्या लढायांमध्ये सोव्हिएत तुकड्यांची दाणादाण उडाली आणि रणगाडे, तोफा, ट्रक असा प्रचंड माल फिनलंडच्या हाती लागला.

फिनलंडनं पुढे काय केलं, ते बघण्यासारखं आहे. पकडलेले रणगाडे वार्काउस इथल्या कार्यशाळेत नेऊन दुरुस्त केले. सोव्हिएतचा 'टी-२६' हा मुळात त्याच ब्रिटिश व्हिकर्सच्या रचनेवरून बनवलेला होता, त्यामुळे फिनिश मेकॅनिकला तो अगदीच परका नव्हता. फिनलंडच्या स्वतःच्या व्हिकर्सवर तोफांचा प्रश्न होता, तिथे सोव्हिएत ४५ मिलिमीटरच्या तोफा बसवल्या. यामुळे सगळ्या ताफ्याला एकाच प्रकारचे गोळे चालू लागले आणि ते गोळेही पकडलेल्या साठ्यातून मिळत होते.

१९४१ मध्ये पुन्हा युद्ध पेटलं तेव्हा फिनलंडच्या रणगाडा दलात मुख्यतः हेच सोव्हिएत रणगाडे होते. ज्या देशाला रणगाडे विकत घेणं परवडत नव्हतं, त्याला ते शत्रूनंच पुरवले.

पण प्रत्येक जुगाड चालतोच असं नाही. फिनलंडनं सोव्हिएत 'बीटी-७' रणगाड्यांवर जुन्या ब्रिटिश ११४ मिलिमीटरच्या तोफा बसवून 'बीटी-४२' नावाच्या १८ गाड्या बनवल्या. १९४४ च्या जूनमध्ये व्हिबोर्गच्या लढाईत या गाड्यांची गाठ 'टी-३४' रणगाड्यांशी पडली. जुन्या तोफेचे गोळे टी-३४ च्या चिलखतापुढे चालले नाहीत आणि फिनलंडच्या बऱ्याच गाड्या तिथे गमावल्या गेल्या. कागदावर छान दिसणाऱ्या जुगाडाची किंमत आत बसलेल्या माणसांनी मोजली.

रणगाडा मिळतो, पण त्याचा कारखाना मिळत नाही

सेकंड हँड गाडी घेताना घरातली मोठी माणसं एकच प्रश्न विचारतात, 'पार्ट मिळतात का?' रणगाड्याचंही तेच आहे. रणगाड्याला तीन गोष्टी सतत लागतात : इंधन, गोळे आणि सुटे भाग. चौथी गोष्ट म्हणजे त्या यंत्राची सवय असलेली माणसं. यातली एक जरी अडली तर काही टनांचं ते लोखंड जागेवर बसतं.

दुसऱ्या महायुद्धात जर्मनीनं जवळपास प्रत्येक शत्रूचे रणगाडे वापरले. त्यासाठी नावं द्यायची पद्धतही ठरलेली होती. नावापुढे एक अक्षर लावायचं, त्यावरून रणगाडा फ्रेंच आहे, रशियन आहे की ब्रिटिश हे कळायचं. पण सगळ्यांचा उपयोग सारखा झाला नाही.

सगळ्यात जास्त उपयोग झाला चेक रणगाड्यांचा. मार्च १९३९ मध्ये जर्मनीनं चेक प्रदेश गिळंकृत केला, तेव्हा रणगाड्यांसोबत ते बनवणारे कारखानेही ताब्यात आले. त्यामुळे सुट्या भागांचा प्रश्नच उरला नाही. उलट जर्मनीनं तिथे नवे रणगाडे बनवून घेतले. १९४० मध्ये फ्रान्सवर चाल करून गेलेल्या रोमेलच्या ७ व्या पान्झर डिव्हिजनमध्ये हे चेक रणगाडे मोठ्या संख्येनं होते.

सोव्हिएत टी-३४ ची गोष्ट वेगळी. हा रणगाडा जर्मनांना आवडला होता, पण तो डिझेलवर चालायचा आणि जर्मन रणगाडे पेट्रोलवर. म्हणजे एकाच तुकडीला दोन वेगळ्या इंधनांचे टँकर लागणार. सुटे भाग हवे असतील तर दुसरा टी-३४ पकडायचा आणि त्याचे अवयव काढायचे.

तरी काही तुकड्यांनी ते केलं. मार्च १९४३ मध्ये जर्मनांनी खारकीव्ह परत घेतलं, तेव्हा तिथल्या ट्रॅक्टर कारखान्यात टी-३४ सापडले. 'दास राइख' या एसएस डिव्हिजननं त्यांची डागडुजी करून घेतली आणि सुमारे २५ रणगाड्यांची तुकडी उभी केली. जुलै १९४३ मध्ये कुर्स्कच्या लढाईत ती उतरली.

फ्रेंच रणगाड्यांचा मार्ग तिसराच. त्यातले बरेच रणगाडे जर्मन पद्धतीच्या वेगवान लढाईला सोयीचे नव्हते. अनेकांमध्ये एकच माणूस तोफेत गोळा भरायचा, नेम धरायचा आणि वर हुकूमही द्यायचा. त्यामुळे जर्मनीनं त्यांना जिथे धावपळ कमी तिथे पाठवलं, काहींचे बुरूज काढून किनाऱ्यावरच्या तटबंदीत बसवले, तर काहींच्या सांगाड्यावर जर्मन तोफा चढवल्या.

कांगारूवाले रणगाडे आणि 'कुक्कू'

जानेवारी १९४१ मध्ये उत्तर आफ्रिकेत ऑस्ट्रेलियाच्या सैनिकांकडे रणगाडे कमी होते आणि इटलीचे सोडून दिलेले रणगाडे भरपूर होते. तोब्रुकच्या लढाईत त्यांनी हेच इटालियन रणगाडे वापरले. ओळख पटावी म्हणून काय करायचं? तर त्यांच्या अंगावर पांढऱ्या रंगात मोठमोठे कांगारू काढले. आजही त्या फोटोंमधले कांगारू लांबून ओळखू येतात.

ब्रिटिशांनीही आपल्या एका रणगाडा रेजिमेंटला असे इटालियन रणगाडे दिले. पुढे काहीच आठवड्यांत रोमेलची चढाई सुरू झाली. माघारीच्या धावपळीत या परक्या रणगाड्यांना डिझेल पोचवणं आणि त्यांची दुरुस्ती करणं जमलं नाही. ते वाटेतच सोडून द्यावे लागले. जसे मिळाले होते तसेच गेले.

'कुक्कू' नावाच्या रणगाड्याचं नशीब थोडं बरं निघालं. १९४४ च्या शरद ऋतूत नेदरलँड्समधल्या ओव्हरलून परिसरात ब्रिटिश कोल्डस्ट्रीम गार्ड्सच्या चौथ्या बटालियनला एक जर्मन 'पँथर' रणगाडा सापडला, तोही एका शेतघरात लपलेला. त्यांनी तो आपल्या 'चर्चिल' रणगाड्यांच्या ताफ्यात सामील केला आणि नाव ठेवलं कुक्कू. आपल्याकडे कोकिळा कावळ्याच्या घरट्यात अंडी घालते, युरोपात तेच काम कुक्कू करतो. नाव अगदी चपखल होतं.

पँथरची तोफ अचूक होती. हिवाळ्यात बर्फाळ रस्त्यांवर चर्चिल घसरायचे तेव्हा कुक्कू सरळ चालायचा. पण १९४५ च्या सुरुवातीला त्याचा इंधन पंप बिघडला. नवा पंप मिळण्याची सोय नव्हती. एवढा भारी रणगाडा एका छोट्या पार्टमुळे सोडून द्यावा लागला.

आपल्याच गोळीची भीती

इंधन आणि गोळ्यांची सोय एकवेळ होते. आत बसलेल्या माणसांची खरी भीती वेगळीच असते.

सैनिकांना शत्रूचे रणगाडे ओळखायला शिकवलं जातं. काळी आकृती दिसली की काही क्षणांत ठरवायचं, हा आपला की त्यांचा. रणगाडाविरोधी तोफेवर बसलेला सैनिक हा निर्णय घेताना उशीर करत नाही, कारण उशीर झाला तर तोच मरतो. आता विचार करा, तुम्ही शत्रूच्या आकाराच्या रणगाड्यात बसून आपल्याच सैनिकांसमोरून जाताय.

म्हणून दास राइखच्या टी-३४ वर बाजूला प्रचंड मोठे जर्मन क्रॉस रंगवले होते. जर्मनांच्या ताब्यातल्या अनेक टी-३४ च्या बुरुजाच्या छतावरही क्रॉस असायचा, कारण स्वतःची विमानं वरून बघून बॉम्ब टाकतील ही धास्ती होती. ऑस्ट्रेलियन कांगारूमागेही तेच कारण. फिनलंडनं आपल्या रणगाड्यांवर निळ्या रंगाचं स्वस्तिक काढलं. हे चिन्ह फिनलंडमध्ये १९१८ पासून वापरात होतं, नाझींशी त्याचा उगम जोडलेला नव्हता.

आणि सप्टेंबर २०२२ मध्ये खारकीव्हच्या चढाईत युक्रेनच्या वाहनांवर पांढरे क्रॉस दिसले. दोन्ही बाजूंकडे एकाच सोव्हिएत कुळातले रणगाडे असल्यामुळे ओळखीसाठी रंगाचा डबा हाच आधार होता. रशियन वाहनांवर 'झेड' अक्षर होतं, ते याच कारणासाठी.

यात एक पेच आहे. चिन्ह जितकं मोठं, तितकी आपल्या गोळीपासून सुरक्षितता जास्त. पण तेच चिन्ह शत्रूलाही नेम धरायला सोपं जातं. कांगारू काढावा तर इटालियन सैनिकाला दिसणार, न काढावा तर आपल्याच दोस्ताला कळणार नाही.

मग चिन्ह न बदलता शत्रूला फसवलं तर?

हा विचार अनेकांच्या डोक्यात येतो. शत्रूचाच रणगाडा, शत्रूचंच चिन्ह, सरळ त्यांच्या गोटात घुसायचं. पण इथे युद्धाचे कायदे आडवे येतात.

१९०७ च्या हेग नियमांनुसार शत्रूचा झेंडा, लष्करी चिन्हं आणि गणवेश यांचा गैरवापर करायला बंदी आहे. १९७७ मध्ये जिनिव्हा करारांना जोडलेल्या पहिल्या अतिरिक्त करारानं हे आणखी स्पष्ट केलं. हल्ला करताना शत्रूची चिन्हं किंवा गणवेश वापरता येत नाहीत. शत्रूचा रणगाडा वापरणं कायदेशीर आहे, पण लढण्याआधी त्यावरची शत्रूची चिन्हं काढायला हवीत.

जर्मनीनं डिसेंबर १९४४ मध्ये हा उद्योग करून बघितला. ओटो स्कॉर्झेनीच्या नेतृत्वाखाली 'ऑपरेशन ग्राइफ' आखलं गेलं. अमेरिकन रणगाडे घेऊन अमेरिकन फौजेत घुसायचं ठरलं, पण पुरेसे अमेरिकन रणगाडेच मिळेनात. शेवटी पाच पँथर रणगाड्यांना पत्रे ठोकून ते अमेरिकन 'एम-१०' सारखे दिसतील असं रूप दिलं आणि वर अमेरिकन तारे रंगवले. मोहिमेचा मूळ बेत फसला. अमेरिकन गणवेशात पकडल्या गेलेल्या अनेक जर्मन सैनिकांना गोळ्या घालण्यात आल्या. युद्धानंतर स्कॉर्झेनीवर खटला चालला, १९४७ मध्ये तो निर्दोष सुटला.

अजून एक गैरसमज. 'जो पकडेल त्याचा रणगाडा' असं नसतं. युद्धात जिंकलेलं शत्रूचं लष्करी साहित्य हे सैनिकाचं नसून त्याच्या देशाच्या सरकारचं असतं. त्यामुळे युक्रेनच्या त्या करवाल्या घोषणेत गंमत होती, पण रणगाडा अंगणात लावून ठेवायचा परवाना नव्हता.

इस्रायलनं लुटीला 'आपलं' केलं

पाडाव केलेल्या रणगाड्यांचा सगळ्यात पद्धतशीर वापर कुणी केला असेल, तर तो इस्रायलनं. १९६७ च्या सहा दिवसांच्या युद्धात अरब देशांचे सोव्हिएत बनावटीचे 'टी-५४' आणि 'टी-५५' रणगाडे मोठ्या संख्येनं हाती लागले. इस्रायलनं त्यांना नाव दिलं 'तिरान'.

सप्टेंबर १९६९ मध्ये 'ऑपरेशन रविव्ह'मध्ये असेच टी-५५ आणि 'बीटीआर-५०' चिलखती गाड्या घेऊन इस्रायली तुकडी तांबड्या समुद्राच्या काठानं इजिप्तच्या हद्दीत उतरली. गाड्या इजिप्तच्या सैन्याकडे असतात तशाच होत्या, त्यामुळे सुरुवातीला कुणाला संशयच आला नाही.

पण इस्रायलची खरी हुशारी कार्यशाळेत दिसली. सोव्हिएत १०० मिलिमीटरची तोफ काढून अनेक तिरानवर ब्रिटिश रचनेची १०५ मिलिमीटरची तोफ बसवली. हीच तोफ इस्रायलच्या इतर रणगाड्यांवर होती. म्हणजे गोळ्यांचा प्रश्न मिटला. पुढे हे रणगाडे जुने झाल्यावरही ते भंगारात घातले नाहीत. बुरूज काढला, अमेरिकन डिझेल इंजिन बसवलं, सैनिकांना मागून उतरता येईल असं दार केलं आणि त्यातून 'अख्झारित' नावाची चिलखती गाडी तयार झाली. इजिप्त आणि सीरियासाठी बनलेला सांगाडा पुढे अनेक दशकं इस्रायली सैनिकांना वाहून नेत राहिला.

भारताकडे आलेले पॅटन कुठे गेले?

सप्टेंबर १९६५. पाकिस्तानची पहिली आर्मर्ड डिव्हिजन अमेरिकन 'पॅटन' रणगाडे घेऊन पंजाबमधल्या खेमकरण भागातून आत घुसली. बियास नदीवरचा पूल गाठायचा आणि अमृतसरचा भाग तोडायचा, असा बेत होता.

भारताच्या ४ माउंटन डिव्हिजननं असल उत्तर गावाभोवती घोड्याच्या नालेसारखी मोर्चेबांधणी केली. शेतांमध्ये पाणी सोडलं. उंच उसात भारतीय सेंच्युरियन रणगाडे आणि तोफा दबा धरून बसल्या. जड पॅटन चिखलात रुतले. हवालदार अब्दुल हमीद यांनी जीपवरच्या तोफेनं पॅटन टिपले आणि त्यातच त्यांना वीरमरण आलं. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. या लढाईत ९७ पाकिस्तानी रणगाडे नष्ट झाले किंवा भारताच्या हाती लागले, असं सांगितलं जातं. काही तर चालू स्थितीत सोडून दिलेले होते. भिखीविंडजवळ ते ओळीनं उभे केले गेले आणि त्या जागेला 'पॅटन नगर' नाव पडलं.

मग भारतानं फिनलंड किंवा इस्रायलसारखी या रणगाड्यांची फौज का उभी केली नाही? उत्तर पुन्हा तेच : पार्ट मिळतात का? पॅटनचे गोळे आणि सुटे भाग अमेरिकेचे, आणि अमेरिकेनं युद्ध सुरू होताच दोन्ही देशांचा शस्त्रपुरवठा थांबवला होता. दुसरीकडे तमिळनाडूतल्या आवडी इथल्या कारखान्यातून १९६५ च्या शेवटी 'विजयंता' रणगाडा बाहेर पडायला लागला होता. पुढे सोव्हिएतकडून टी-५५ ही आले. कारखाना असलेला रणगाडा मिळत असताना बिनकारखान्याचा कोण पोसणार?

म्हणून बरेच पॅटन देशभरातल्या छावण्यांमध्ये आणि चौकांत विजयाची खूण म्हणून उभे राहिले. महाराष्ट्रात असा पॅटन बघायचा असेल, तर अहिल्यानगरच्या कॅव्हलरी टँक म्युझियममध्ये जाता येतं.

युक्रेनला जमलं, मग रशियाला का नाही?

युक्रेनला रशियन रणगाडे वापरणं तुलनेनं सोपं गेलं, कारण दोघांची शाळा एकच. टी-६४, टी-७२, टी-८० हे सगळे सोव्हिएत काळातले. तोफ १२५ मिलिमीटरची, गोळे तेच, मेकॅनिकची सवय तीच. टी-६४ तर खारकीव्हमध्येच बनायचा. दोन-तीन मोडक्या रणगाड्यांमधून एक चालता रणगाडा उभा करणं तिथल्या कार्यशाळांना नवीन नव्हतं. तरी अडचणी आल्याच. रशियाच्या टी-८० मध्ये गॅस टर्बाइन इंजिन असतं आणि ते इंधन पाण्यासारखं पितं.

रशियाच्या हाती लागलेल्या पाश्चात्त्य रणगाड्यांचं काय झालं? मे २०२४ मध्ये मॉस्कोच्या व्हिक्टरी पार्कमध्ये 'लेपर्ड २', 'एब्रम्स' आणि 'ब्रॅडली' गाड्यांचं प्रदर्शन भरलं. लोकांनी रांगा लावून सेल्फी काढले. या रणगाड्यांच्या तोफा १२० मिलिमीटरच्या, पार्ट जर्मनी-अमेरिकेचे. लढाईत उतरवण्यापेक्षा त्यांचं चिलखत कापून अभ्यासणं आणि लोकांना दाखवणं हाच त्यांचा मोठा उपयोग.

अभ्यासाचा हा उपयोगही काही कमी नसतो. एप्रिल १९४३ मध्ये ट्युनिशियात ब्रिटिशांनी 'टायगर १३१' हा जर्मन रणगाडा पकडला. राजे सहावे जॉर्ज आणि चर्चिल यांनी तो स्वतः जाऊन पाहिला आणि नंतर इंग्लंडला नेऊन त्याचा कसून अभ्यास झाला. आज तो बोव्हिंग्टनच्या संग्रहालयात आहे. २०१४ च्या 'फ्युरी' सिनेमात दिसलेला टायगर तो हाच.

शस्त्र देणाऱ्याचंही टेन्शन

या सगळ्याला एक काळी बाजूही आहे. जून २०१४ मध्ये इराकमधलं मोसुल शहर आयसिसच्या हाती पडलं आणि इराकी सैन्य शस्त्रं टाकून मागे हटलं. एकट्या मोसुलमध्ये २,३०० हमवी गाड्या गेल्या, असं इराकचे तेव्हाचे पंतप्रधान हैदर अल-अबादी यांनी २०१५ मध्ये सांगितलं. या गाड्या अमेरिकेनं दिलेल्या होत्या. आयसिसनं त्यातल्या कित्येक स्फोटकांनी भरून आत्मघातकी हल्ल्यांसाठी वापरल्या. चिलखतामुळे समोरच्या चौकीवरच्या गोळ्या त्यांना थांबवू शकत नव्हत्या. शेवटी अमेरिकन विमानांनाच अमेरिकन गाड्यांवर बॉम्ब टाकावे लागले.

आत्मघातकी हल्ल्यात गाडी एकदाच जाणार असते, त्यामुळे ना पार्ट लागतात ना मेकॅनिक. म्हणूनच हाती लागलेलं चिलखत अशा गटांसाठी जास्त उपयोगाचं आणि बाकीच्यांसाठी जास्त धोक्याचं ठरतं.

नेहमीच्या सैन्याला मात्र तो रणगाडा उद्याही चालवायचा असतो आणि आतल्या तीन-चार माणसांना परत आणायचं असतं. त्यामुळे पकडलेल्या रणगाड्याचा व्हिडिओ पुन्हा टाइमलाइनवर आला, तर तो किती भारी आहे यापेक्षा दोन गोष्टी विचारायला हव्यात. त्याचे गोळे आणि पार्ट कुठून येणार? आणि पुढच्या वळणावर उभ्या असलेल्या आपल्या सैनिकांना कुणी सांगितलंय का, की हा येणारा रणगाडा आपला आहे?